गरम पाण्याचा हिशेब बादलीपासून सुरू व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरून पहाटेचा गारठा वाढू लागला की वर्तमानपत्रांच्या पानांवर आणि दुकानांच्या काचांवर गिझरच्या जाहिराती झळकू लागतात आणि नवे घर घेतलेली किंवा जुना गिझर गळू लागलेली कुटुंबे एकमेकांना विचारू लागतात, की कोणता घ्यावा? त्यावर मिळणारी उत्तरे बहुधा कंपनीच्या नावाची किंवा शेजाऱ्याच्या अनुभवाची असतात. आपल्या घराला सकाळी किती पाणी, किती गरम आणि किती वेळात लागते, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. बेताच्या उत्पन्नाच्या घरासाठी हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही, कारण चुकीच्या निवडीची किंमत पुढची दहा वर्षे बिलातून वसूल होत राहते आणि एका बाबतीत तर ती जिवावर बेतते. विद्युत अभियांत्रिकी शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले अशा माणसाने या विषयावर थोडे आकडेमोडीने बोलावे, एवढ्याच हेतूने हे पत्र लिहीत आहे.

सुरुवात बादलीपासून करू. स्नानाची मोठी बादली २० लिटरची धरली आणि जानेवारीतल्या पुण्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी २२ अंश सेल्सिअसचे असेल, तर ते स्नानायोग्य ४२ अंशांपर्यंत नेण्यासाठी ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. एका युनिट विजेत ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे एका बादलीला साधारण अर्धा युनिट. हा आकडा निसर्गनियमाने ठरलेला आहे. विजेचे कोणतेही साधे उपकरण, ते दीड हजाराचे असो वा पंधरा हजारांचे, याहून कमी विजेत तेवढे पाणी तापवू शकत नाही. फार तर ते वाया जाणारी उष्णता कमी करू शकते. मुंबईत नळाचे पाणी मुळातच कोमट असल्याने तिथे हा खर्च आणखी कमी होतो, तर नाशिक, निफाड किंवा महाबळेश्वरच्या थंडीत तो वाढतो. चौघांच्या घराला रोज चार बादल्या लागतात असे मानले, तर पुण्यात दिवसाला दोन, महिन्याला साठ युनिट झाले.

या साठ युनिटांना कोणता दर लावायचा, इथे बहुतेकांची गल्लत होते. आपल्या राज्यात घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिल्या १०० युनिटांना एक दर, पुढे ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. १०० ची रेषा ओलांडली की सगळेच बिल महागते, हा समज चुकीचा आहे. रेषेपुढच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. मात्र पंखा, दिवे आणि फ्रीज यांचा वापर टाळण्यासारखा नसल्यामुळे गिझरचे युनिट हे नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यावर जाऊन बसतात. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारी सरासरी गिझरला लावू नये, शेवटच्या टप्प्याचा दर वहन आकारासह लावावा. सोयीसाठी तो दहा रुपये धरला, तर विजेवर तापलेली बादली पाच रुपयांची पडते. वाचकांनी आपल्या बिलावरचा आकडा घालून हा हिशेब स्वतः करावा.

आता उपकरणांकडे वळू. सर्वांत स्वस्त म्हणजे बादलीत बुडवायचा रॉड, ज्याला काही घरांत कॉईल तर काही घरांत नुसते हीटर म्हणतात. दीड हजार वॉटचा रॉड एक बादली अठरा-वीस मिनिटांत तापवतो आणि त्यात वीज जवळजवळ वाया जात नाही, कारण जेवढे हवे तेवढेच पाणी तापते. पुण्यासारख्या शहरात खोल्या घेऊन राहणारे विद्यार्थी आणि नोकरदार याच्यावरच वर्षे काढतात, आणि खर्चाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. पण ज्या पाण्यात हात घालायचा त्याच पाण्यात विजेचे उपकरण बुडालेले असते, हे विसरून चालत नाही. पाणी तापले का हे पाहायला हात बुडवण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढलाच पाहिजे, रॉड आयएसआय चिन्हाचा आणि तीन पिनांचाच हवा, पत्र्याची बादली वापरू नये, आणि ज्या घराच्या अर्थिंगची खात्री नाही तिथे हे साधन घेऊच नये. लहान मुले रांगणाऱ्या घरातही ते नको. चारशे-पाचशे रुपयांचा रॉड घेणाऱ्याने त्याच्या काही पट खर्च करून मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा, हे सांगणे विचित्र वाटेल. पण विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे हे उपकरण रॉडइतकेच गिझरलाही हवे असते आणि जुन्या इमारतींमधून ते अजूनही अभावानेच दिसते.

यानंतर येतो तो तीन लिटरचा इन्स्टंट गिझर. ‘तत्काळ’ या शब्दावर भाळून तो शॉवरसाठी घेतला जातो आणि मग पाणी कोमट येते म्हणून कारागिराला बोल लावला जातो. कारागिराचा दोष नसतो. तीन किलोवॉटचे उपकरण मिनिटाला ४३ किलोकॅलरीच देऊ शकते, आणि तेवढ्यात पाणी २० अंशांनी तापवायचे तर मिनिटाला सव्वादोन लिटरपेक्षाही थोडे कमीच निघणार. साध्या शॉवरला मिनिटाला सात-आठ लिटर लागतात. म्हणजे शॉवर उघडला की पाणी कोमटच राहणार. बादली भरायची तर मात्र नऊ मिनिटांत काम होते आणि त्यासाठी हे उपकरण उत्तम आहे. एकटा माणूस, वयस्कर जोडपे, भाड्याने राहणारे कुटुंब यांना तेच परवडते, कारण घर बदलताना ते काढून नेता येते आणि साठवलेले पाणी थंड होण्याचा प्रश्न जवळजवळ नसतो. तीन किलोवॉट म्हणजे तेरा अँपिअर, तेव्हा त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि जाड तार हवी. इस्त्रीच्या प्लगला जोडून दिलेले असे गिझर मी पाहिले आहेत, आणि काळे पडलेले सॉकेटही.

किलोवॉट जास्त म्हणजे बिल जास्त, हा आणखी एक रूढ समज. दोन किलोवॉटचा गिझर जे पाणी वीस मिनिटांत तापवतो तेच तीन किलोवॉटचा तेरा-चौदा मिनिटांत तापवतो, युनिट तेवढेच पडतात. फरक पडतो तो तारेवर, एमसीबीवर (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणाऱ्या बटणावर) आणि वीज कंपनीने आपल्या जोडणीला दिलेल्या मंजूर भारावर.

साठवणीचा गिझर घेताना प्रश्न येतो आकाराचा. पंधरा लिटरच्या टाकीत ६० अंशांचे पाणी असेल, तर त्यात गार पाणी मिसळून ४२ अंशांचे सुमारे अठ्ठावीस लिटर, म्हणजे जवळजवळ दीड बादली मिळते; पंचवीस लिटरच्या टाकीतून सत्तेचाळीस लिटर, म्हणजे सव्वादोन बादल्यांहून थोडे अधिक. दोन किलोवॉटची कॉईल पंधरा लिटर पाणी वीस मिनिटांत पुन्हा तापवते. तेव्हा बादलीने स्नान करणाऱ्या चौघांच्या घराला, एकाच्या पाठोपाठ एक असा क्रम असेल, तर पंधरा लिटर पुरतात. तरीही दुकानात चौघांच्या घराला सर्रास पंचवीस लिटरचा गळ्यात मारला जातो. मग एकाच माणसाच्या स्नानासाठी पंचवीस लिटर तापतात आणि उरलेले दुपारपर्यंत निवत बसतात. शॉवर घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. आठ मिनिटांच्या शॉवरला साठ लिटरांवर पाणी जाते, म्हणजे तीन बादल्या. शॉवर घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पण ज्या घरात तो रोज चौघे घेतात, त्या घराने पाच तारे मोजत बसण्याआधी शॉवरची चाळणी कमी पाण्याची बसवली, तर बचत कितीतरी मोठी होईल.

ताऱ्यांना अर्थ नाही असे मात्र नाही. साठवणीच्या गिझरवरचे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे पाणी किती कमी विजेत तापते हे सांगत नाहीत. तापलेले पाणी टाकीत राहिल्यास किती उष्णता गळते, ते सांगतात. दिवसभर बटण चालू ठेवणाऱ्या घरात निकृष्ट आवरणाचा गिझर रोज अर्धा ते एक युनिट नुसत्या गळतीत घालवतो, तिथे पाच तारे पैसे परत करतात. सकाळी अर्धा तास बटण लावून लगेच स्नान उरकणाऱ्या घरात तीन आणि पाच ताऱ्यांतला फरक बिलात शोधूनही सापडणार नाही. थर्मोस्टॅट ६० अंशांच्या आसपास असावा: त्याहून वर क्षार फार धरतात आणि अंग भाजण्याचा धोका वाढतो, तर दिवसेंदिवस कोमट पाणी साठवून ठेवणे जंतूंच्या दृष्टीने बरे नाही.

बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या पाण्यातले क्षार कॉईलवर पांढरा थर धरतात, त्यामुळे पाणी उशिरा तापते आणि कॉईल जळते. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो; तो टाकीऐवजी स्वतः झिजतो आणि संपला की गंज टाकीकडे वळतो. दर एक-दोन वर्षांनी तो तपासून बदलणे काही शे रुपयांचे काम आहे, ते न केल्याने पूर्ण गिझर भंगारात जातो. टाकीतला दाब वाढल्यावर पाणी सोडणारा जो सुरक्षा व्हॉल्व्ह खाली असतो, तो ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणारी घरे आहेत. असे करणे म्हणजे टाकीचा स्फोट ओढवून घेणे आहे. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असलेल्या घरात आठ बारपर्यंतचा दाब सोसणारा गिझरच घ्यावा.

आता गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि एक किलो गॅस जळून सुमारे ११ हजार किलोकॅलरी मिळतात. गॅस गिझर त्यातल्या ऐंशी टक्के पाण्याला देतो असे धरले, तर एका सिलिंडरमध्ये तीनशेहून अधिक बादल्या तापतात. सिलिंडर नऊशे रुपयांचा मानला तरी बादली तीन रुपयांना पडते. शेगडीवर पातेले ठेवून तापवल्यास उष्णता कडेने निसटते, त्यामुळे तीच बादली साडेतीन रुपयांच्या घरात जाते, तरीही ती विजेहून स्वस्तच. नळाने येणाऱ्या गॅसचा हिशेबही फार वेगळा नाही. मात्र सिलिंडरसाठी बनवलेला गिझर नळाच्या गॅसला जसाच्या तसा जोडता येत नाही. शिवाय गॅस गिझर मिनिटाला सहा लिटर देतो, वीज गेली तरी चालतो आणि पाच-सात हजारांत येतो. मध्यमवर्गाने तो उचलून धरला यात नवल नाही.

तरीही या पत्रात सर्वांत जास्त जागा मी याच साधनाच्या धोक्याला देणार आहे, कारण दर हिवाळ्यात न्हाणीघरात बेशुद्ध पडलेल्यांच्या आणि दगावलेल्यांच्या बातम्या आपल्याच पानांवर येतात, दोन दिवस हळहळ होते आणि तेच गिझर त्याच जागी बसवले जातात. सहा लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या स्नानात सव्वादोन घनमीटरच्या आसपास हवेतला प्राणवायू ज्योत खाऊन टाकते. आपल्याकडचे पाच बाय सात फुटांचे, आठ फूट उंचीचे न्हाणीघर एकूण आठ घनमीटरांचे असते. दार लावलेले, थंडी आत येऊ नये म्हणून खिडकीच्या काचा मिटलेल्या, एक्झॉस्ट फॅन असला तरी आवाज नको म्हणून बंद. अशा खोलीतली पावपट हवा पहिल्याच माणसाच्या स्नानात निकामी होते आणि दुसरा माणूस लगोलग आत जातो. प्राणवायू कमी पडला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा जो वास आपण ओळखतो तो गळणाऱ्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. जळून तयार झालेल्या विषाला तो येत नाही, म्हणून ‘वास आला तर कळेलच’ हा भरवसा निराधार आहे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मळमळते, पाय लटके पडतात, आणि दार उघडावे हे सुचेपर्यंत कडीकडे हात नेण्याची शक्ती उरत नाही. मेंदूविकारतज्ज्ञांमध्ये या प्रकाराला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असे नावच पडलेले आहे. झटका आला म्हणून आणलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना डॉक्टर आता घरात गिझर कोणता आहे, हेही विचारतात.

उपाय सोपा आहे आणि त्याला अपवाद नाही: गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवायचाच नाही. तो बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत किंवा डक्टला, म्हणजे इमारतीतल्या नळांसाठी ठेवलेल्या बंदिस्त पोकळीला, लागून नसलेल्या बाहेरच्या भिंतीवर बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. बंदिस्त डक्टमध्ये बसवलेला गिझर म्हणजे वरच्या-खालच्या मजल्यांच्या न्हाणीघरांत विष सोडण्याची व्यवस्था होय. ‘आमच्याकडे दहा वर्षे आतच आहे, काही झाले नाही’ असे सांगणारे भेटतात. इतकी वर्षे खिडकीची एक काच फुटलेली होती म्हणून ते वाचले, आणि ती काच यंदाच नवी बसवली आहे, असेही असू शकते. ज्या घराला अशी बाहेरची जागा नाही, त्या घरासाठी गॅस गिझर हा पर्याय नाही. बादलीमागे वाचणाऱ्या दोन रुपयांचा विचारही तिथे करू नये. घरमालकांना तर मी हात जोडून सांगेन, की भाडेकरूला आतल्या गिझरची सोय देऊन आपण कोणती जबाबदारी घेत आहोत, याचा विचार करा.

सूर्यावर तापणारे पाणी हे आपल्या देशावरच्या हवामानाला सर्वांत साजेसे साधन आहे. पावसाळा आणि ढगाळ दिवस वगळता वर्षातले बहुतेक दिवस स्वच्छ ऊन असते. स्वतःचे घर, डोक्यावर स्वतःची गच्ची आणि दक्षिणेकडे सावली नाही, अशा कुटुंबाने फार विचार करू नये. शंभर लिटरची काचेच्या नळ्यांची यंत्रणा साधारण वीस-पंचवीस हजारांत बसते. चौघांच्या घराचे वर्षातले आठ महिने धरले तर सुमारे पाचशे युनिट, म्हणजे पाच हजार रुपये वाचतात आणि चार-पाच वर्षांत पैसे फिटतात. पूर्वी केंद्र सरकारचे अनुदान मिळत असे, ते बंद होऊन दहा वर्षे उलटली. तांब्याच्या नळ्यांच्या सपाट पेट्या जास्त टिकतात, पण क्षारांनी त्यांच्या बारीक नळ्या तुंबतात; बोअरचे पाणी असेल तर काचेच्या नळ्या बऱ्या, कारण त्या काढून साफ करता येतात आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. त्या फुटण्याचे नेहमीचे कारण गारपीट नसून पाणीकपात हे आहे. एप्रिल-मे महिन्यांत टाकी रिकामी पडते, कोरड्या नळ्या दुपारभर तापतात आणि संध्याकाळी पाणी आले की तडकतात. गच्चीवरच्या गार पाण्याच्या टाकीचा तळ कधी उघडा पडणार नाही, अशी व्यवस्था आधी करावी.

ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीतच विजेची कॉईल बसवून देण्याची पद्धत आहे. ती घेऊ नये असे मला वाटते. दोनशे लिटरची टाकी २० अंशांनी तापवायला साडेचार युनिटांहून अधिक वीज लागते, आणि आपल्याला हवी असते एक बादली. त्यापेक्षा न्हाणीघरात तीन लिटरचा वेगळा गिझर असावा.

सदनिकांची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने ४००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींना सौर पाणीतापक किंवा सौर वीजयंत्रणा बंधनकारक केली आहे, पुणे महापालिका अशा यंत्रणा चालू असलेल्या मिळकतींना करात सवलतही देते, आणि तरीही अनेक सोसायट्यांच्या गच्चीवर धूळ खात पडलेल्या नळ्या दिसतात. याचे कारण नळांत आहे. पाऊण इंची नळीच्या प्रत्येक मीटरमध्ये सुमारे तीनशे मिलिलिटर पाणी मावते. गच्चीपासून तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरापर्यंत तीस मीटर नळी असेल, तर रात्रभर गार झालेले नऊ लिटर पाणी आधी येणार. खालच्या मजल्यावरचा माणूस अर्धी बादली पाणी सोडून देतो, मग कंटाळून गिझर लावतो. वरच्या मजल्यावर सहाला उठणारा बादल्यांवर बादल्या घेतो आणि नऊला उठणाऱ्याला कोमट मिळते. वर्गणी मात्र दोघांची सारखी. बिल्डर एकाच न्हाणीघरात सोलरचा नळ देतो, तोही पुष्कळदा पाहुण्यांच्या. नळ्यांवर आवरण चढवणे आणि पहाटे तासभर पाणी फिरते ठेवणारा लहान पंप बसवणे, या दोन दुरुस्त्यांनी यातल्या निम्म्या तक्रारी मिटतात. त्यांचा खर्च नव्या यंत्रणेच्या मानाने थोडाच असतो, पण वार्षिक सभेत तो विषय रंगकामाच्या मागे पडतो.

अलीकडे नवा पेच निर्माण झाला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरील वीजयंत्रणेला तीन किलोवॉटसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे पाणीतापक काढून त्या जागी पॅनेल लावावेत का, असे अनेक जण विचारतात. जागेच्या हिशेबाने पाहिले तर दोन चौरस मीटरचा पाणीतापक चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिटांच्या तोडीची उष्णता साठवतो आणि तेवढ्याच जागेतले पॅनेल दीड युनिटाच्या आसपास वीज देते. पण पाणीतापकाची उष्णता मे महिन्यात कोणालाच नको असते, तर पॅनेलची वीज नेट मीटरिंगने, म्हणजे जादा वीज वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीने, बाराही महिने वळती होते. जिथे गच्ची मोठी आहे तिथे दोन्ही लावावे. जिथे ती लहान आहे आणि चालू स्थितीतला पाणीतापक आहे, तिथे तो काढून टाकण्याची घाई करू नये. जिथे काहीच नाही तिथे अनुदान मिळत असेपर्यंत वीजयंत्रणा घेण्याकडे माझा कल आहे.

हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे हीट पंप एका युनिटात तीन युनिटांचे काम करतात, हे खरे. वसतिगृह, रुग्णालय, लॉज यांनी ते जरूर घ्यावेत. चार बादल्यांच्या घराला लाखाच्या आसपासची ही गुंतवणूक आजच्या घडीला परवडणारी नाही.

हे सगळे शहराच्या अंगाने झाले. कोल्हापूर-सांगलीकडचा तांब्याचा बंब, कोकणातल्या न्हाणीतले चुलाणावरचे हंडे आणि गोव्यातले भाण ही साधने मोडीत काढण्यासारखी नाहीत. जिथे सोडणे, करवंट्या आणि झावळ्या परसातच पडतात, किंवा तुराट्या आणि पऱ्हाट्या शेतात जाळून टाकल्या जातात, तिथे गिझर घेण्याचा उपदेश करणे हास्यास्पद आहे. बंबाची रचना तर हुशारीची आहे: मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, त्यामुळे उघड्या चुलीपेक्षा उष्णता कमी वाया जाते. परंतु लाकूड विकत घ्यावे लागत असेल तर ते स्वस्त राहिलेले नाही, आणि जळण गोळा करण्याचे व धूर सोसण्याचे काम बहुधा घरातल्या बाईच्या वाट्याला येते, ही किंमत हिशेबात धरली जात नाही. बंबात कोळसा जळत असेल तर गॅस गिझरविषयी वर लिहिलेले सगळे त्यालाही लागू आहे. बंब पडवीत किंवा अंगणात असावा, दार लावलेल्या न्हाणीत नव्हे.

आपल्या दैनिकामार्फत काही मागण्या संबंधितांपर्यंत पोहोचाव्यात अशी विनंती आहे. गिझरच्या खोक्यावर लिटर आणि वॉट ठळक छापलेले असतात. पाणी २० अंशांनी तापवताना मिनिटाला किती लिटर मिळेल, हा आकडाही तितक्याच ठळकपणे मराठीत छापला जावा. गॅस वितरकांचे कर्मचारी शेगडी आणि नळी तपासायला घरी येतात, त्यांनी गॅस गिझर कुठे बसवला आहे हेही पाहावे आणि तो न्हाणीघरात आढळल्यास लेखी ताकीद द्यावी. नव्या इमारतींच्या आराखड्यात न्हाणीघराला बाहेरची भिंत असेल तर तिच्यावर गिझरसाठी जागा आणि नळीचे छिद्र आधीच ठेवण्याची अट घालता येईल. भोगवटा प्रमाणपत्र देताना महापालिकेचा अभियंता गच्चीवर सौर यंत्रणा आहे की नाही एवढेच पाहतो. त्याऐवजी त्याने सकाळी सात वाजता सर्वांत खालच्या सदनिकेतला नळ सोडून, किती लिटर पाणी वाहिल्यावर ते ४० अंशांचे येते, याची नोंद प्रमाणपत्रावर करावी.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, पुणे